कोकणातून स्कीइंगला जाताना: कपडे कसे निवडायचे, बॅग कशी भरायची

रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटे पारा 18 अंशांवर आला की आमच्या घरात गोधड्या निघतात, आजी कानटोपी घालून चुलीशी बसते आणि 'यंदा थंडी जरा जास्तच' हे वाक्य सकाळी दहापर्यंत चालतं. दहानंतर पंखा. अशा घरातून मी पहिल्यांदा गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालो, तेव्हा बॅगेत दोन हातविणीचे स्वेटर, सहा सुती बनियन, दोन जीन्स, एक लांबलचक मफलर आणि आईने आग्रहाने कोंबलेली शाल होती. बॅग बंद करायला दोघं लागले. इतकं नेल्यावर थंडी काय करणार आहे?

पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला मी घामाने चिंब होतो. शिकवणाऱ्या काश्मिरी उस्तादांनी माझ्या कॉलरमधून दोन बोटं आत घातली, ओली निघाली तशी त्यांनी नुसती मान हलवली. थोड्या वेळाने ऊन गेलं, वारा सुटला आणि अंगाला चिकटलेली बनियन गार फडक्यासारखी पाठीला लागली. खाली जीन्स पडून पडून गुडघ्यापर्यंत भिजली होती, ती कडक व्हायला लागली. दुपारी मी खोलीत रजईखाली काकडत होतो आणि शिकण्याचा अर्धा दिवस गेला तो गेलाच.

त्या रजईखाली एक गोष्ट डोक्यात आली. जुलैत रबरी रेनकोट घालून हातखंब्यापासून रत्नागिरीपर्यंत दुचाकीवर आलेल्या माणसाला जे माहीत असतं, तेच मी विसरलो होतो. बाहेरून एक थेंब आत येत नाही, तरी घरी पोचल्यावर शर्ट पिळावा लागतो. बर्फातही प्रश्न ओलीचाच आहे. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, त्यामुळे कोरडा माणूस उणे दहातही मजेत असतो आणि ओला माणूस शून्याला कुडकुडतो. ओल कशी येते, कुठे दडते, काय केल्याने जाते, हे कोकणी माणसाला शिकवायला नको. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्याच एका दृष्टीने वाचा.

आधी थंडीचा हिशेब

समुद्रसपाटीपासून वर जाताना दर 1,000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. तिथून गोंडोला, म्हणजे केबलची पाळणागाडी, पहिल्या टप्प्यात सुमारे 3,080 मीटरवरच्या कोंगडोरीला नेते आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ 4,000 मीटरपर्यंत. म्हणजे गुलमर्गच्या हॉटेलात जी थंडी, तिच्यात वर आणखी आठ-नऊ अंशांची भर, आणि वारा वेगळाच. उणे 10 तापमानात ताशी 30 किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे 20 सारखं लागतं. म्हणून कपड्यांमध्ये जाडीपेक्षा वारा अडवणं महत्त्वाचं.

पण तुम्ही नवशिके असाल तर पहिला आठवडा खालच्या सौम्य उतारांवरच जाणार. तिथे थंडी कमी आणि मेहनत जास्त. स्की पायात घालून आडवं-आडवं चढायचं, घसरायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा चढायचं. मुरलेला स्कीअर घाम न गाळता उतरतो. आपण प्रत्येक वीस पावलांना घाम गाळतो आणि शिवाय बर्फात लोळतो. शिकणारा माणूस आतूनही भिजतो, बाहेरूनही. इंटरनेटवरच्या बऱ्याच याद्या मुरलेल्यांसाठी असतात, त्या आपल्याला तंतोतंत लागू पडत नाहीत.

महिनाही बघा. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासूनच्या 40 दिवसांना चिल्लई कलां म्हणतात, सगळ्यात कडक थंडीचे दिवस. त्यानंतर 20 दिवसांचा चिल्लई खुर्द आणि 10 दिवसांचा चिल्लई बच्चा. चिल्लई कलांमध्ये बर्फ कोरडा, पिठासारखा असतो. झटकला की पडतो. मार्चमध्ये, किंवा औली-सोलंगसारख्या ठिकाणी ऊन चढल्यावर, तोच बर्फ दुपारी पाणेरी होतो आणि कपड्यात मुरतो. जानेवारीत जात असाल तर ऊब वाढवा, मार्चमध्ये जात असाल तर पैसे पाणी अडवणाऱ्या कपड्यावर घाला.

अंगालगतचा कपडा

सगळ्यात आधी सुती कपडा बाजूला काढा. बनियन, टी-शर्ट, सुती पायमोजे, सुती अंतर्वस्त्रं, सगळं. सुती कापड आपल्या हवेत देवासारखं असतं, कारण ते घाम पितं आणि गार ठेवतं. बर्फात नेमकं तेच नको असतं. आषाढात वलणीवर टाकलेली सुती चादर चार दिवस ओली राहते, आणि शेजारची नायलॉनची साडी संध्याकाळपर्यंत सुकते. एवढं आठवलं की पुरे.

अंगालगत हवा थर्मल: वर पूर्ण बाह्यांचा, खाली पायांचा. त्यात दोन जाती. पॉलिएस्टरचा थर्मल स्वस्त, पटकन सुकणारा, पण दुसऱ्या दिवशी त्याचा वास खोलीतल्या सगळ्यांना कळतो. मेरिनो लोकरीचा महाग, पण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल पोटात घेऊनही ओलसर लागत नाही, आणि तीन दिवस घातला तरी वास येत नाही. मेरिनोच्या लेबलवर दर चौरस मीटरचं वजन लिहिलेलं असतं. 150 पातळ, 200 मध्यम, 250 जाड. घामट माणसाने 200 च्या वर जाऊ नये असं माझं मत. माझा कल असा: वरचा एक मेरिनोचा, बाकी पॉलिएस्टरचे.

बाजारात 'थर्मल' नावाने मिळणारे बरेच जोड सुतीमिश्रित असतात, आतून मऊ लव असलेले. दुकानदार 'एकदम गरम' म्हणून देतो, आणि ते खरंही असतं. महाबळेश्वरला गेलात तर उत्तम. लेबल वाचा. कॉटन शब्द दिसला तर तो जोड रात्री झोपायला ठेवा.

थर्मल अंगाला चिकटून बसला पाहिजे, पण दाबायला नको. ढगळ असला तर घाम उचलत नाही. बायकांसाठी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती माझ्या बायकोने दुसऱ्या सहलीनंतर सांगितली: बाकी सगळं नीट घेतलं आणि आतली ब्रा सुती राहिली, की छातीवरचा तो एक पट्टा दिवसभर ओला-गार राहतो. सिंथेटिक स्पोर्ट्स ब्रा घ्या.

मधला थर

मधल्या थराचं काम एकच, हवा धरून ठेवायची. फ्लीसचं, म्हणजे लवदार सिंथेटिक कापडाचं, पुढून चेन असलेलं जाकीट त्यासाठी पुरतं. पुढून चेन असावीच. उकडायला लागलं की उघडता येते, डोक्यातून काढायच्या स्वेटरचं तसं होत नाही. आईच्या हातच्या स्वेटरबद्दल बोलायचं तर लोकर खरी असेल तर तो मधला थर म्हणून वाईट नाही, फक्त जड असतो आणि भिजला तर सुकायला दोन दिवस घेतो. ॲक्रिलिकचा असेल तर संध्याकाळी हॉटेलात घाला. आईला फोटो तिथलाच पाठवा.

फ्लीसवर आणखी एक पातळ भरलेलं जाकीट जवळ असावं, लिफ्टच्या, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या पाळण्याच्या, रांगेत उभं राहताना किंवा वर गेल्यावर घालायला. त्यात पिसांचं आणि सिंथेटिक भरणाचं असे दोन प्रकार. पिसांचं हलकं आणि मुठीत मावणारं, पण भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब संपते. शिवाय वर्षातले अकरा महिने ते आपल्या दमट हवेत राहणार. कोकणातल्या घरात पिसांचं जाकीट सांभाळणं म्हणजे पावसाळ्यात पापड सांभाळण्यासारखं. सिंथेटिक घ्या.

सकाळी बाहेर पडताना किती थर घालायचे याचा सोपा नियम: दारात उभं राहिल्यावर किंचित गार वाटलं पाहिजे. दारातच छान ऊब वाटत असेल तर पंधरा मिनिटांत घाम येणार.

वरचं जाकीट आणि पँट

इथे थांबून नीट बघा, कारण पैसे सगळ्यात जास्त इथे जातात आणि फसगतही इथेच होते.

स्कीच्या जाकिटाच्या लेबलवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये, 5,000, 10,000, 20,000 असा. कापडावर पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. बर्फात बसणं, गुडघे टेकणं, पडणं यांनी कापडावर दाब येतो, म्हणून 10,000 च्या खाली जाऊ नका; पँटला तर नाहीच, कारण नवशिका बुडावर जास्त असतो. दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो आणि तो आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा: एका चौरस मीटर कापडातून 24 तासांत घामाची किती वाफ बाहेर जाते. इथेही 10,000 च्या आसपास किंवा वर बघा. आपल्या दुचाकीच्या रेनकोटचा पहिला आकडा भरपूर असेल, पण दुसरा जवळपास शून्य. म्हणून 'घरात रेनकोट आहेच, वर तोच घालू' हा विचार सोडा.

शिवणींच्या आतल्या बाजूने पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहा. पट्टी नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं. काखेत चेन असेल तर फार उत्तम. ती उघडली की घाम मोकळा होतो आणि जाकीट काढावं लागत नाही. कमरेच्या आतल्या बाजूला घेर असलेला लवचीक पट्टा असतो, त्याला काही जण स्नो स्कर्ट म्हणतात. पडल्यावर बर्फ पाठीत जाऊ नये म्हणून तो लावायचा असतो. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं ती अस्तराची उसवलेली शिवण आहे.

पँटच्या घोट्याशी आत एक रबरी पट्टा असतो, तो स्की बुटाच्या वर बसवायचा. वाटलं तर खांद्यावर पट्टे असलेली पँट घ्या. वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही, लहान मुलांना तर तीच बरी. मोठ्यांना शौचाला जाताना सगळी आरास उतरवावी लागते, हा तिचा तोटा. त्याचा अंदाज घेऊनच सकाळी चहा प्या.

रंग भडक घ्या. धुक्यात आणि पडत्या बर्फात उस्ताद तुम्हाला नावाने शोधत नाहीत, 'वो लाल जॅकेट' म्हणूनच शोधतात. पांढरं तर घेऊच नका.

आणि उसनवारीबद्दल एक सावधगिरी. मुंबईतल्या कुणाकडे तरी परदेशातून आणलेलं महागडं जाकीट पडून असतं, आणि 'घेऊन जा रे' असं सांगितलंही जातं. घेण्याआधी आतून हात फिरवा. पाणी अडवणारा जो पातळ लेप असतो, तो बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो आणि उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की त्याचं विघटन होतं. आधी चिकट होतो, मग सालपटं निघतात. मी असं एक जाकीट घेऊन गेलो होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या फ्लीसवर पांढरा भुगा होता आणि जाकिटात आणि चाळणीत फरक राहिला नव्हता. जुन्या बुटांच्या तळव्यांचंही हेच होतं. वरून नवेकोरे दिसतात आणि चालायला लागलं की तळवा मातीसारखा सुटतो.

पाय

स्की बूट कडक प्लास्टिकचे असतात आणि ते तिथे भाड्याने मिळतात. त्यांच्या आत एकच मोजा घालायचा. हे वाक्य मी तीनदा लिहायला तयार आहे. दोन जाड मोजे घातले की बूट घट्ट होतो, रक्त पायाच्या बोटांपर्यंत पोचत नाही, आणि बोटं आणखी गार पडतात. शिवाय दोन मोजे एकमेकांवर घासून फोड येतात. मोजा गुडघ्याखालपर्यंत लांब, लोकरमिश्रित, मध्यम किंवा पातळ, सुरकुती न पडणारा. स्कीइंगचे म्हणून वेगळे मोजे मिळतात, नडगीवर जरा जाड आणि बाकी पातळ. तीन जोड घ्या. अख्ख्या यादीत कशाला काटछाट करायची नसेल तर याला.

थर्मलची पँट बुटात कोंबायची नाही. तिची शिवण कडक बुटाखाली दिवसभर नडगीला टोचत राहते. ती घोट्याच्या बरीच वर संपली पाहिजे, म्हणून पाऊण लांबीची मिळाली तर घ्या, नाहीतर दुमडून बुटाच्या वर ठेवा.

दिवसभर घालून झालेला मोजा रात्री नको. बूट काढल्याबरोबर मोजे बदला, ओले वाटत नसले तरी. पाय सगळ्यात जास्त घाम गाळतात आणि सगळ्यात कमी सांगतात.

स्की नसताना फिरायला बूट वेगळे लागतात. आपल्याकडे शेतात आणि बंदरावर वापरतात ते गमबूट नेण्याचा मोह होतो. पाणी ते अडवतात, पण त्यांना आतून अस्तर नसतं आणि रबर बर्फावर गार पडतं. तिथे गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला आणि गुलमर्गला गमबूट भाड्याने मिळतात तेही बहुतेक तसेच. एक माप मोठे घेऊन आत लोकरीचा मोजा घातला तर तासभर भागतं. खोल खाचांचे ट्रेकिंगचे बूट घरात असतील तर तेच न्या. गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज घालून हॉटेलच्या पायऱ्यांवरून घसरणारे पर्यटक रोज दिसतात.

हात, डोकं, डोळे

विणलेले हातमोजे बर्फात पाच मिनिटांत ओले होतात. स्कीचे पाणी अडवणारे हातमोजे हवेत, मनगटाला अडकवायच्या दोरीसह, कारण लिफ्टवरून पडलेला हातमोजा परत मिळत नाही. आत घालायला पातळ जोड असावा. फोन वापरताना किंवा बुटाचे आकडे लावताना वरचा काढला तरी हात उघडा पडत नाही. हाताला फार थंडी वाजत असेल तर चार बोटं एकत्र असलेला मिटन घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. मुलांना मिटनच द्या. अंगठा कुठल्या भोकात जातो यावरून सकाळी होणारी रडारडही वाचते.

डोक्याला हेल्मेट. ते पुरेसं उबदार असतं, आत जाड टोपी घालू नका. हेल्मेट वर तरंगतं आणि पडल्यावर उपयोगाचं राहत नाही. आमची लाडकी माकडटोपी संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी ठेवा. मफलर मात्र घरीच. लोंबणारं टोक लिफ्टमध्ये किंवा दोरीत अडकलं तर गळ्याशी येतं. त्याऐवजी गळ्यात चढवायची नळीसारखी पट्टी, जिला सगळे बफ म्हणतात, ती घ्या. दोन असू द्या, कारण तोंडाच्या वाफेने एक ओली होतेच. याच कारणाने ओढणी नको, मोकळी वेणी नको. मंगळसूत्र, साखळ्या हॉटेलात नीट ठेवून जा, किंवा आणूच नका.

स्कीच्या गॉगल्सचं काम साध्या उन्हाच्या चष्म्याने भागत नाही. बर्फ कोवळा असला तर अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि दर 1,000 मीटरला ते किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. समुद्रावर दिवसभर काढलेल्या माणसालाही डोळे असे दुखतात हे माहीत नसतं. काचेवर एस-0 ते एस-4 असं लिहिलेलं असतं, आकडा मोठा तशी काच गडद. एस-2 ढगाळ दिवसाला, एस-3 लख्ख उन्हाला. एकच घ्यायची असेल तर एस-2 घ्या. पडत्या बर्फात खालची खाचखळगी दिसली पाहिजेत, आणि नवशिक्याला तेच दिसत नाही. चष्मा असेल तर त्यावरून बसणारी मिळते. आतली बाजू बोटाने पुसायची नाही, लेप जातो आणि मग कायम वाफ धरते.

ओठ आणि गाल फुटतात. सनस्क्रीन लावाच, बरोबर आमच्याकडचं कोकमाचं मुठेल एका छोट्या डबीत न्या, ओठांना आणि टाचांना त्याच्यासारखं काही नाही. खोबरेल नेऊन उपयोग नाही. ते 24 अंशांखालीच थिजतं, तिथे तर बाटलीत दगड होतो.

काय विकत, काय भाड्याने

स्की, काठ्या, बूट भाड्याने. हेल्मेट मिळेल, पण आतून कुबट नाही ना ते बघून घ्या. जाकीट-पँटही भाड्याने मिळतात. पहिल्याच वेळी जात असाल आणि पुन्हा जाल की नाही हे ठाऊक नसेल तर भाड्याचे चालतील, फक्त शिवणी आणि चेन तपासा. अंगालगतचं सगळं, मोजे, हातमोजे आणि गॉगल्स मात्र स्वतःचे. टंगमर्गला गाडीतून उतरल्या-उतरल्या लांब कोट घेऊन लोक मागे लागतात. ते कोट बर्फात उभं राहून फोटो काढायला ठीक, स्कीइंगला नव्हेत.

खरेदीला आपल्याला कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा गोवा गाठावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जा, डिसेंबरात मापं संपतात. सगळं एकावर एक घालून बघा, सुट्टं सुट्टं नको. उकडेल, दुकानातले हसतील, तरी खाली बसा, हात वर करा, गुडघा छातीशी आणा. हातमोजा घालून जाकिटाची चेन लागते का ते पाहा. लागत नसेल तर चेनीला सुतळीचा छोटा गोंडा बांधा.

आणि ज्यांनी उन्हाळ्यात सवलतीत जाकीट घेतलंय त्यांना आपल्या कोकणात फुकटची प्रयोगशाळा आहे. आषाढातल्या सरीत अंगणात अर्धा तास उभे राहा. खांदे आणि काखा आतून कोरड्या राहिल्या तर बर्फाची चिंता नको. नंतर नीट सुकवा एवढंच.

बॅग

आठवड्याच्या स्कीइंगसाठी मी हल्ली एवढं नेतो. वरचे थर्मल तीन, खालचे दोन. फ्लीस एक, पातळ भरीव जाकीट एक, वरचं जाकीट आणि पँट एकेक. स्कीचे मोजे तीन जोड, झोपायचे लोकरी मोजे एक. हातमोजे एक जाड जोड आणि पातळ दोन. बफ दोन, टोपी एक, गॉगल्स. सिंथेटिक अंतर्वस्त्रं पाच. संध्याकाळसाठी एक गरम ट्रॅकपँट, एक स्वेटर. खोलीत घालायला बंद चपला, कारण लाकडी जमीनसुद्धा पायाला चावते. आणि एक पंचा. तो सुती आहे, हे मला माहीत आहे. पंच्याशिवाय कोकणातला माणूस कुठेही जात नाही.

एवढं सगळं साध्या विमानतिकिटाच्या 15 किलोंमध्ये बसतं, जड बूट पायात आणि जाड जाकीट हातात ठेवलं तर. एक पूर्ण जोड, म्हणजे थर्मल, फ्लीस, मोजे, हातमोजे आणि गॉगल्स, केबिनच्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग मागे राहिली तरी दुसऱ्या दिवशी उतारावर जाता येतं. पॉवर बँकही त्याच पिशवीत, तो सामानात चालत नाही.

बॅग भरताना शेवटी लागणारं खाली. सगळ्यात वर ती पिशवी, जी दिल्लीत उघडायची आहे. कारण रत्नागिरी स्टेशनवर दिल्लीच्या गाडीत चढताना अंगातून घाम निथळत असतो आणि निजामुद्दीनला उतरताना धुकं असतं. चढताना एक शर्ट, आत काही नाही. फ्लीस आणि टोपी हाताशी. थर्मल दिल्लीच्या मुक्कामात. घरातूनच थर्मल घालून निघालेले एक काका आम्हाला गाडीत भेटले होते, वसईपर्यंत त्यांनी कसंबसं धरलं. जून 2025 पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरला रेल्वे जाते, त्यामुळे पुढचा प्रवासही गाडीने जमतो. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. टंगमर्गनंतर चाकांना साखळ्या लावायला गाडी थांबते, तेव्हा खाली उतरावं लागतं. बूट आणि टोपी डिकीत अडकवू नका.

कपडे प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि चार पिशव्या रिकाम्या न्या. ओलं आणि कोरडं एका बॅगेत मोकळं राहता कामा नये. हवा काढून दाबायच्या पिशव्या जाताना उत्तम. येताना त्यात किंचित ओलसर फ्लीस कोंबलात तर घरी उघडताना गणपतीपुळ्याहून आलेल्या ओल्या कपड्यांची पिशवी परवडेल.

तिथे गेल्यावर सुकवणं

रोज संध्याकाळी खोलीत आल्यावर चहाच्या आधी हे करा. जाकीट-पँट बाहेरच झटका, बर्फ वितळून आत मुरण्याआधी. बुटाचं आतलं मऊ कवच बाहेर येत असेल तर काढून ठेवा. हातमोजे, मोजे, बफ दोरीवर; वलणीची दोरी आणि सहा चिमटे बॅगेत असावेत, हॉटेलात ते नसतात. खोलीत बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी असेल तर कपडे हातभर दूर टांगा. बुखारीच्या अंगावर टाकलेला सिंथेटिक मोजा वितळून तिथेच चिकटतो आणि वास दोन दिवस जात नाही. वीज जाते हे गृहीत धरा. हीटरच्या भरवशावर सगळं ओलं करून बसू नका. ओलसर पातळ हातमोजे रात्री अंथरुणात पोटाशी घेऊन झोपलं तर सकाळपर्यंत सुकतात.

परत आल्यावर

इथे आपलं गाव आणि हिमालय यांची खरी गाठ पडते. जाकीट मशीनमध्ये टाकताना सॉफ्टनर घालू नका, त्याने वरचा पाणी ओघळवणारा लेप बुजतो. धुतल्यावर पाणी थेंबाथेंबाने ओघळत नसेल आणि लेबलवर परवानगी असेल, तर मंद इस्त्री फिरवा, लेप बराचसा परत जागा होतो. मेरिनो गार पाण्यात हलक्या हाताने धुवा, पिळू नका, आडवा सुकवा.

मग फेब्रुवारी-मार्चमध्ये कडक ऊन असताना सगळं सावलीत एक पूर्ण दिवस हवेशीर ठेवा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर चेनी गोड्या पाण्याने पुसून कोरड्या करा आणि त्यांना मेणबत्ती घासा. खाऱ्या वाऱ्याने धातूची चेन एका पावसाळ्यात अडकते. कपडे दाबून नव्हे, सैल घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पिसांचं किंवा भरीव काही असेल ते टांगून. गॉगल्सच्या फोमवर बुरशी सगळ्यात आधी धरते, ती वेगळ्या हवाबंद डब्यात. हे सगळं आगोटीच्या आत झालं पाहिजे, जून लागल्यावर नाही. पावसाळ्यात एखादं ऊन पडलं तर ट्रंक उघडून बघा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळं एकदा बाहेर काढा.

ट्रंकेत टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करा, बाहीवरचा छोटासुद्धा. मुलीच्या जाकिटात अर्धं चॉकलेट राहिलं होतं. ते आम्हाला दिवाळीत मुंग्यांच्या रांगेवरून सापडलं. त्यांनी अस्तराला भोक पाडून आत वसाहत केली होती.